दोन रेघांचा भरवसा

अँटिजेन चाचणीच्या पट्टीवर उमटणारी लालसर रेघ बऱ्याच किटमध्ये सोन्याची असते. खऱ्या सोन्याची, सराफाच्या दुकानात असतं त्याच मूलद्रव्याची. सोन्याचे कण चाळीसेक नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे दोन हजाराव्या हिश्श्याइतके बारीक झाले, की सोनं पिवळं राहत नाही. प्रकाशाशी त्याचं वागणंच बदलतं आणि ते गडद लाल दिसू लागतं. मायकेल फॅरडेने १८५७ साली लंडनमध्ये असं लाल सोन्याचं पाणी तयार केलं आणि हा रंग कणांच्या बारीकपणामुळे येतो हे ओळखलं. त्याने बनवलेल्या काही कुप्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत आणि त्यांचा लाल रंग अजून टिकून आहे.

पट्टीच्या एका टोकाला हे सुवर्णकण वाळवून ठेवलेले असतात. प्रत्येक कणावर प्रतिपिंडं चिकटवलेली असतात आणि ती विषाणूचं एक ठरावीक प्रथिन ओळखतात. नमुन्याचे तीन-चार थेंब पडले, की टीपकागदावर शाई पसरावी तसा द्रव आपोआप पुढे सरकतो. पंप नको, वीज नको. वाटेत सुवर्णकण सुटे होतात, विषाणूचं प्रथिन असलंच तर त्याला धरतात. पुढे ‘टी’ अक्षरासमोर, डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघेत बसवलेली दुसरी प्रतिपिंडं त्या जोडीला अडवतात. असे असंख्य कण एका ओळीत अडकले की आपल्याला लाल दिसतं. उरलेसुरले पुढे ‘सी’पाशी अडकतात. सगळा मामला पंधरा-वीस मिनिटांचा.

त्या ‘सी’च्या रेघेवर लोकांचा फार विश्वास असतो, म्हणून तिच्याविषयी थोडं. ती आली म्हणजे द्रव तिथवर पोचला आणि सोन्यावरची प्रतिपिंडं काम करताहेत, एवढंच सिद्ध होतं. काडी नाकात नीट फिरवली की नुसती नाकपुडीला टेकवली, हे तिला कळायचा मार्ग नाही. बहुतेक किटमध्ये काडी कुणाच्याही नाकात न घालता तशीच द्रवात बुडवली तरी ‘सी’ची रेघ ठसठशीत येईल आणि निकाल निगेटिव्ह दिसेल. पट्टी आपल्या परीने काही चुकलेली नसेल.

मग अशी पट्टी विश्वासाची आहे हे कोण ठरवतं आणि कशावरून? सोन्याच्या रेघेपेक्षाही मला हे काम जास्त थक्क करतं. चाचणी शोधणाऱ्यांची नावं होतात. चाचणीची चाचणी करणारे मात्र कुठल्या तरी तालुक्याच्या गावी, पंखा नसलेल्या खोलीत, शेकडो खोकणाऱ्या माणसांचे नमुने दोन-दोन पद्धतींनी तपासत बसलेले असतात आणि त्यांच्या वहीतून जे बाहेर येतं ते अनेकदा कुणाच्याच अपेक्षेप्रमाणे नसतं.

एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या आठवणीतलं. १४ जून २०२० रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, कोविडच्या पहिल्या अँटिजेन किटला मान्यता देणारी सूचना काढली. त्या किटची पारख दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाली होती. निरोगी माणसाला निरोगी म्हणण्यात किट दोन्हीकडे जवळजवळ अचूक निघालं: ९९.३ ते १०० टक्के. पण खऱ्या रुग्णांपैकी किती जणांना पकडलं, याचं उत्तर ५०.६ टक्क्यांपासून ८४ टक्क्यांपर्यंत आलं. किट तेच. एका हिशोबात जवळजवळ निम्मे रुग्ण निसटले, दुसऱ्यात शंभरातले सोळा. फरक पडला तो रुग्णांच्या अंगात विषाणू किती होता यावरून. म्हणूनच सूचनेत एक अट होती: लक्षणं असूनही निगेटिव्ह आलेल्याची आरटीपीसीआर करायचीच. आणखी एक बारीक अट अशी, की काडी द्रवात बुडवल्यावर तासाभराच्या आत चाचणी करायची. नमुना गोळा करून संध्याकाळच्या गाडीने जिल्ह्याला पाठवायचा, ही आपली वर्षानुवर्षांची सवय या किटला चालणारी नव्हती. जिथे माणूस, तिथेच चाचणी.

म्हणजे ‘हे किट किती टक्के बरोबर आहे?’ हा आपण सहज विचारतो तो प्रश्नच अर्धवट आहे. कुणावर, कुठे, कुणाच्या हातून, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. उत्तर डबीवर छापून येतं खरं, पण ते छापलेलं उत्तर कुठल्या तरी दुसऱ्या गावचं असतं.

याचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात महागडा धडा भारताने क्षयरोगाच्या बाबतीत घेतला.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं गरीब देशांतलं निदान एकाच पद्धतीवर चाललं: बेडका काचेवर पसरायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. ही पद्धत स्वस्त आहे, पण तिची नजर अधू आहे. एका मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते सहसा दिसत नाहीत. कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्यात, दहा ते शंभर जंतूही पुरतात. पण कल्चरला कित्येक आठवडे लागतात आणि तेवढ्यात रुग्ण खोकत घरी, बाजारात, एसटीत फिरतो. लहान मुलांना तर बेडका काढताच येत नाही.

अशा वेळी कुणी म्हणालं, की बोटातून रक्ताचा थेंब द्या, वीस मिनिटांत क्षय आहे की नाही सांगतो, तर कोण नाही म्हणेल? क्षयाविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात शोधणाऱ्या अशा चाचण्यांनी बाजार भरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभर वर्षाला दहा लाखांहून अधिक चाचण्या होत होत्या, एकेका चाचणीसाठी रुग्ण तीस डॉलरपर्यंत मोजत होते, आणि यातली बरीच किट युरोप-अमेरिकेत तयार होऊन गरीब देशांत विकली जात होती. बनवणाऱ्या देशांतल्या नियामकांनी मात्र त्यांना मान्यता दिलेली नव्हती. ही शेवटची गोष्ट वाचून संताप येतो आणि तो यायलाच हवा.

कल्पना मुळात वाईट नव्हती. शरीराने जंतूशी झुंज दिली की प्रतिपिंडं तयार होतात, हे खरंच आहे. घोटाळा होता तो जागेचा. जिथे कोट्यवधी लोकांच्या शरीरात क्षयाचा जंतू आयुष्यभर झोपून राहतो आणि त्यांना आजार कधीच होत नाही, तिथे प्रतिपिंडं सापडली म्हणजे काय सिद्ध झालं? आणि ज्याची प्रतिकारशक्ती एचआयव्हीने पोखरली आहे, ज्याचं निदान सगळ्यात तातडीने व्हायला हवं, त्याच्या शरीरात प्रतिपिंडं नीट तयारच होत नाहीत.

२००८ साली जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न संशोधन कार्यक्रमाने बाजारातल्या अशा १९ झटपट चाचण्या एकत्र आणल्या. वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णांचे जपून ठेवलेले रक्तनमुने त्यांना दिले. कुठला नमुना क्षयाचा आहे हे चाचणी करणाऱ्यांना माहीत नव्हतं. सगळ्यात चांगल्या चाचणीने खऱ्या रुग्णांपैकी सुमारे ६० टक्के पकडले, सगळ्यात वाईट चाचणीने जेमतेम एक टक्का. काही चाचण्या निरोगी माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांना क्षयरोगी ठरवत होत्या. नाणं उडवून निदान केलं असतं तरी याहून फार वेगळं काही झालं नसतं. पुढे ९०हून अधिक अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला गेला आणि जुलै २०११मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं: या चाचण्या वापरू नका. क्षयरोगाच्या क्षेत्रात एखादी गोष्ट वापरू नका अशी स्पष्ट शिफारस संघटनेने प्रथमच केली होती. जून २०१२मध्ये भारत सरकारने या चाचण्यांची आयात, निर्मिती आणि विक्री बंद केली.

इतकी वर्षं मग कंपन्यांच्या पत्रकांवर नव्वद-पंचाण्णव टक्क्यांचे आकडे कसे छापले जात होते? यात दर वेळी लबाडी असतेच असं नाही. एक सापळा असा: रुग्णालयातले अगदी खंगलेले, बेडक्यात जंतूच जंतू असलेले रुग्ण एका बाजूला घ्यायचे आणि धडधाकट निरोगी स्वयंसेवक दुसऱ्या बाजूला. या दोघांत फरक ओळखायला चाचणी कशाला हवी, दारातून पाहिलं तरी कळतं. चाचणीची खरी गरज असते ती दोन आठवडे खोकणाऱ्या, थोडा ताप असलेल्या, वजन घटल्यासारखं वाटणाऱ्या माणसासाठी. त्याला क्षय असेल, दमा असेल, किंवा चुलीच्या धुराचा खोकला असेल. म्हणून चांगल्या पारखीचा पहिला नियम असा, की दवाखान्याच्या दारात त्या आजाराच्या संशयाने जो येईल तो ओळीने घ्यायचा, निवड करायची नाही. दुसरा नियम: पट्टी वाचणाऱ्याला कल्चरचा निकाल माहीत नसावा आणि कल्चर वाचणाऱ्याला पट्टीचा. फिकट रेघ ‘आहे’ की ‘नाही’ हे ठरवताना माणसाचा डोळा मनाला हवं तेच पाहतो आणि त्यात अनुभवी माणसंही आली.

आता एक छोटंसं गणित, कारण या विषयातलं सगळ्यात मोठं आश्चर्य त्यात दडलेलं आहे. समजा एक चाचणी शंभर रुग्णांपैकी ८० पकडते आणि शंभर निरोगी माणसांपैकी ९० जणांना निरोगी म्हणते. वाईट नाही. ती आपण एका गावात खोकणाऱ्या हजार माणसांवर वापरली आणि त्यांतल्या ५० जणांना खरोखर क्षय आहे. त्यांतले ४० पकडले जातील. उरलेल्या ९५० निरोगी माणसांपैकी ९५ जण चुकून पॉझिटिव्ह येतील. म्हणजे १३५ जणांच्या हातात पॉझिटिव्हचा कागद पडेल आणि त्यांतले ९५ क्षयरोगी नसतील. आता तीच चाचणी छातीच्या रुग्णालयात न्या. तिथे हजारातल्या ४०० जणांना क्षय आहे. ३२० पकडले जातील, ६० जण चुकून येतील, म्हणजे पॉझिटिव्ह कागद ८४ टक्के वेळा खरा. पट्टीच्या कागदातला एक धागाही बदलला नाही. ती पन्नास-साठ किलोमीटर हलवली आणि तिच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा हे उलटंपालटं झालं. हे गणित मी कितीही वेळा केलं तरी त्यातलं नवल ओसरत नाही.

रक्ताच्या पट्ट्या बाद झाल्या त्याच सुमारास दुसरीकडून उजेड येत होता. सप्टेंबर २०१०मध्ये जीनएक्स्पर्ट यंत्राची मोठी पारख प्रसिद्ध झाली. बेडक्यातला जंतूचा डीएनए वाढवून, दोन तासांच्या आत क्षय आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का, दोन्ही सांगणारं हे यंत्र. लिमा, बाकू, केप टाउन, दरबान आणि मुंबई या पाच शहरांत १,७३० जणांवर ते तपासलं गेलं. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसलेल्यांपैकी ९८ टक्के रुग्ण त्याने पकडले, आणि सूक्ष्मदर्शकाला ज्यांच्यात काहीच दिसलं नव्हतं त्या रुग्णांपैकीही ७२ टक्क्यांहून अधिक, एकाच नमुन्यात. पण या यंत्राला खात्रीची वीज हवी आणि फार उकाडा चालत नाही. वातानुकूलित खोली हवी म्हटल्यावर ते जिल्ह्याच्या गावाला अडकलं.

ती खोली नसलेल्या ठिकाणासाठी एक उत्तर गोव्यातून आलं. वेर्णा इथल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे यंत्र बॅटरीवर चालतं आणि टेबलाच्या कोपऱ्यात मावतं. डीएनए वाढवण्याचं काम त्यात नखाएवढ्या चिपवर होतं. त्याची पारखही रास्त ठिकाणी झाली: भारत, पेरू, इथिओपिया आणि पापुआ न्यू गिनी या चार देशांत, आणि मुद्दाम साध्या सूक्ष्मदर्शक केंद्रांमध्ये, तिथल्याच कर्मचाऱ्यांच्या हातून. १,८०७ लोक त्यात होते. खऱ्या रुग्णांपैकी एका चिपने ७३ टक्के पकडले, दुसरीने ८० टक्के; निरोगींना निरोगी म्हणण्यात त्या ९८ आणि ९६ टक्के बरोबर ठरल्या. २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यंत्र स्वीकारलं. पत्रकावर शोभतील असे हे आकडे नाहीत, पण मला ते फार मोलाचे वाटतात. ते ज्या खोलीत यंत्र वापरायचं आहे त्या खोलीतले आहेत.

खोलीचं महत्त्व उगाच सांगत नाही. बहुतेक झटपट किटच्या डबीवर २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात चंद्रपूरच्या आसपासच्या उपकेंद्रातलं लोखंडी कपाट डोळ्यांपुढे आणा. बाहेर ४५ अंश आणि दुपारभर वीज गेलेली. जर्मनीतल्या संशोधकांनी कोविडची ११ अँटिजेन किट ३७ अंशांत ठेवून पाहिली, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांची नजर मंदावली. प्रथिनं उष्णतेने आपला आकार सोडतात. पट्टी तशीच दिसते, ‘सी’ची रेघही येते, फक्त ‘टी’ची रेघ यायला हवी तेव्हा येत नाही.

लहान मुलांच्या न्यूमोनियात तर याहून अवघड पेच आहे. तिथे कशाशी ताडून पाहायचं तेच नक्की नाही. क्षयात निदान कल्चर आहे. पण तापाने फणफणलेल्या, छाती उडणाऱ्या दहा महिन्यांच्या बाळाच्या फुप्फुसात नेमकं काय चाललंय हे कसं पाहणार? फुप्फुसात सुई घालून दर वेळी नमुना काढता येत नाही, आणि नाकातला नमुना फसवतो. न्यूमोनियाचा सगळ्यात मोठा जीवाणू, न्यूमोकोकस, धडधाकट खेळणाऱ्या मुलांच्या नाकातही खुशाल राहत असतो. लघवीत त्याचे अंश शोधणारी एक पट्टी आहे. मोठ्यांमध्ये ती उपयोगी पडते. मुलांमध्ये ती पॉझिटिव्ह आली तर त्याचा अर्थ कदाचित एवढाच, की जंतू नाकात मुक्कामाला आहे. आफ्रिका आणि आशियातल्या सात देशांत झालेल्या पर्च या अभ्यासाने म्हणूनच न्यूमोनिया झालेल्या सुमारे ४,२०० मुलांबरोबर पाच हजारांहून अधिक निरोगी मुलंही तपासली आणि दोन्हींकडे काय सापडतं त्याची तुलना केली. हिशोबाअंती गंभीर न्यूमोनियाचं कारण बहुतांशी विषाणू निघाले आणि जवळपास एकतृतीयांश वाटा एकट्या आरएसव्ही या विषाणूचा. नाकात सापडलेला जंतू गुन्हेगार आहे की वाटसरू, हे निरोगी मुलांच्या नाकात डोकावल्याशिवाय कळत नाही. ही साधी युक्ती मला विलक्षण वाटते.

इथवरची सगळी चर्चा ‘पट्टी खरं सांगते का’ याची होती. पण खरं सांगितल्यावर पुढे काय होतं? दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे, झांबिया आणि टांझानियातल्या दवाखान्यांत १,५०२ जणांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना सूक्ष्मदर्शक, निम्म्यांना जीनएक्स्पर्ट, तेही थोड्याशा प्रशिक्षणानंतर परिचारिकांनी दवाखान्यातच चालवलेलं. परिचारिकांचे निकाल प्रयोगशाळेच्या तोडीचे आले, त्याच दिवशी उपचार सुरू झालेल्यांची संख्याही वाढली. पण ५६ दिवसांनी पाहिलं तर उपचारांवर असलेल्यांचं प्रमाण एका गटात ४३ टक्के, दुसऱ्यात ४२. रुग्णांची तब्येतही दोन्हीकडे सारखीच. इतकी सरस चाचणी आणि फरक काहीच नाही? कारण डॉक्टर आधीपासूनच लक्षणं आणि एक्स-रे पाहून, चाचणीची वाट न बघता, अनेकांना औषधं सुरू करत होते. जुन्या चाचणीची कसर डॉक्टरांचा अनुभव भरून काढत होता.

याच चार देशांतल्या दहा रुग्णालयांत दुसरा प्रयोग झाला. चाचणी तशी मामुलीच. क्षयाच्या जंतूच्या आवरणातला एक शर्करायुक्त पदार्थ लघवीत उतरतो, तो शोधणारी पट्टी. लघवीचे दोन-तीन थेंब, २५ मिनिटं, यंत्र कसलंच नाही. खऱ्या रुग्णांपैकी निम्म्याहून कमीच तिला सापडतात. कागदावर कुणीही तिला नापास करेल. एचआयव्ही असलेल्या आणि रुग्णालयात दाखल झालेल्या अडीच हजारांहून अधिक रुग्णांमध्ये ती वापरली. आठ आठवड्यांत मरण पावलेल्यांचं प्रमाण पट्टी न वापरलेल्या गटात २५ टक्के होतं, पट्टीच्या गटात २१. ही पट्टी ज्यांना पकडते ते नेमके सगळ्यात जास्त आजारी, खाटेवरून उठू न शकणारे, बेडका काढण्याचंही त्राण नसलेले रुग्ण. इतर चाचण्या तिथवर पोचायच्या आत ते दगावतात. अधू नजरेची ही पट्टी नेमकी तिथेच पाहते. मला कुणी विचारलं, की चाचण्यांच्या पारखीतला सगळ्यात सुंदर निष्कर्ष कोणता, तर मी हाच सांगेन.

मृत्यू मोजून चाचणी पारखायची ही रीत महाराष्ट्राला परकी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ साली मुलांच्या न्यूमोनियासाठी ते काम हाती घेतलं. त्या वेळी पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या गोरोका इथून फ्रँक शान आणि सहकाऱ्यांचं निरीक्षण पुढे आलेलं होतं: खोकणाऱ्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नासच्या वर गेला, तर न्यूमोनिया समजा. स्टेथोस्कोप नको, एक्स-रे नको. पण दुर्गम खेड्यात हे मोजायचं कुणी? बऱ्याच दायांना पन्नासपर्यंत आकडे येत नव्हते. त्यांच्यासाठी गडचिरोलीत एक श्वासमापक तयार झाला. एक मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारी ओवलेले मणी. बाळाचं पोट उघडं करायचं, ते शांत असताना पाहायचं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, परत एकपासून सुरुवात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी साठ श्वासांची ओळ, मोठ्या बाळासाठी पन्नासची, आणि ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर औषध सुरू. दहापर्यंत मोजता आलं की झालं.

ही चाचणी आणि तिच्यामागचं साधं प्रतिजैविक गावातल्याच माणसांच्या हाती दिल्यावर काय घडलं, हे १९९०च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ५८ गावांत हा उपाय होता, शेजारच्या ४४ गावांत नव्हता. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू उपायाच्या गावांत ८.१, इतर गावांत १७.५. नंतरच्या काळात निरनिराळ्या देशांतल्या अशा नऊ अभ्यासांची बेरीज केली गेली, तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू एकतृतीयांशाहून अधिक घटल्याचं दिसलं.

आणि तरीही या श्वास मोजण्याच्या कसोटीची पारख संपलेली नाही. लसी आल्या, विषाणूंचा वाटा मोठा आहे हे कळलं, प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढले. तेव्हा श्वास जोरात चालतोय पण बाकी धोक्याचं चिन्ह नाही, अशा मुलाला दर वेळी प्रतिजैविक द्यायलाच हवं का, हा प्रश्न कराचीच्या गरीब वस्त्यांमधल्या दवाखान्यांत पुन्हा तपासला गेला. २ ते ५९ महिन्यांची ४,००२ मुलं. निम्म्यांना तीन दिवस अमॉक्सिसिलिन, निम्म्यांना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं द्रावण, आणि सगळ्यांवर बारीक लक्ष. २०२०मध्ये निकाल आला. प्रतिजैविक न मिळालेल्या मुलांपैकी ४.९ टक्क्यांची तब्येत सुधारली नाही किंवा बिघडली, मिळालेल्यांपैकी २.६ टक्क्यांची. म्हणजे औषध नसलं तरी शंभरातली पंचाण्णव मुलं बरी होत होती. पण औषध काढून घेणं तितकंच सुरक्षित आहे असंही सिद्ध झालं नाही, कारण ४४ मुलांना औषध दिलं की त्यांतल्या एकाचं बिघडणं टळत होतं.

वाळूची घडी आणि लाल मणी त्या ४४ मुलांना वेगळं काढतात. त्यांतलं ते एक मूल कोणतं, हे सांगणारी पट्टी अजून कुणाकडे नाही. बोटाच्या थेंबातून शरीरातला दाह मोजणारी सीआरपी चाचणी काही प्रमाणात त्या दिशेने जाते. उत्तर व्हिएतनाममधल्या दहा प्राथमिक केंद्रांत ती वापरल्यावर श्वसनाच्या साध्या आजारांत प्रतिजैविक घेणारे रुग्ण ७८ टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर आले. पण तिथले रुग्ण फारसे आजारी नव्हते, आणि त्या एका मुलाला ती ओळखेल का, हे आधीच्या प्रत्येक चाचणीप्रमाणेच दवाखान्याच्या दारात येणाऱ्या मुलांना ओळीने तपासून, निकाल एकमेकांपासून लपवून आणि शेवटी किती मुलं बरी झाली ते मोजूनच ठरवावं लागेल.